समुद्रशेवाळ, जंतू आणि व्यापाऱ्याची जबान

गेल्या काही वर्षांत कापडबाजारात एका शब्दाची मोठी चलती आहे. तो शब्द म्हणजे 'अँटिबॅक्टेरियल', अर्थात जंतुरोधक. २०२० च्या महामारीनंतर बनियन, मोजे, रुमाल, चादरी, तान्ह्या मुलांची झबली, सगळ्यांच्या टॅगवर हा शब्द छापलेला दिसू लागला. आधी त्याच्या शेजारी कडुनिंबाचे पान असे, मग कोरफड आली. आता समुद्राची लाट आली आहे. 'समुद्रशेवाळाच्या अर्काने युक्त' असे लिहिले की चार रुपयांचा माल सहा रुपयांना जातो, असे दलाल सांगतात.

मागच्या महिन्यात असाच एक दलाल घोडबंदरला आमच्या गोदामावर आला. हातात तपकिरी पाण्याचा डबा आणि बगलेत छापील टॅगांचा गठ्ठा. प्रोसेस हाऊसमध्ये शेवटच्या पाण्यात हे औषध घालायचे, कपडा सुकवायचा आणि टॅग लावायचा, एवढेच काम. आम्ही विचारले, "चाचणीचा कागद कुठे आहे?" तो हसून म्हणाला, "सेठ, चाचणी नंतर होत राहील. टॅग तर आधी घ्या." आम्ही त्याला चहा पाजला आणि टॅगांसह परत पाठवले.

आमच्या व्यापारी बंधूंना यात नवल वाटेल. शेवाळात जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात हे शास्त्रज्ञच सांगतात, मग नकार कशाला, असे काहींनी आम्हाला विचारलेही. त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहोत. शेवाळाचा गुण खरा आहे. परंतु खऱ्या गुणाच्या आडोशाने खोटा माल विकला जाऊ शकतो आणि ही चूक आमच्या हातून एकदा झालेली आहे.

आमच्या हातून झालेली चूक

२०२० च्या अखेरीस बाजार पुन्हा उघडला तेव्हा आम्ही एका घाऊक विक्रेत्याकडून मोज्यांचा माल उचलला. टॅगवर 'समुद्रशेवाळयुक्त, जंतुरोधक' असे लिहिलेले होते. आम्ही कागद मागितला नाही. माल भराभर खपला. गावातील एक मुलगी आपल्या वडिलांसाठी मोजे घेण्यास आली. वडिलांना मधुमेह, टाचेला फोड आलेला. तिने टॅग हातात धरून विचारले, "चाचा, हे घातल्यावर जखम चिघळणार नाही ना?" आम्ही टॅग वाचून दाखवला आणि मान हलवली. तोंडाने 'हो' म्हटले नाही एवढेच. पण मान हलवणे हीदेखील व्यापाऱ्याची जबानच असते.

तीन आठवड्यांनी कळले की वडील रुग्णालयात आहेत आणि पायाची दोन बोटे काढावी लागली आहेत. मोज्यांनी बोटे गेली असे आम्ही म्हणत नाही. मधुमेहाने गेली. परंतु घरच्यांनी जे दिवस मोज्यांच्या भरवशावर काढले, ते दिवस डॉक्टरच्या दारात गेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आमच्या खात्यावर लिहिलेला आहे आणि तो खोडता येत नाही.

आम्ही भेटीला गेलो तेव्हा कंपाउंडर पट्टी बदलत होता. जखमेवर ठेवलेली पांढरी, पिंजलेल्या लोकरीसारखी घडी पाहून आमच्यातील कापडवाला जागा झाला. आम्ही विचारले, "हा धागा कसला?" त्याने पाकिटावरचे नाव वाचले, 'कॅल्शियम अल्जिनेट'. अल्जिनेट हे नाव आम्हाला नवे नव्हते. छपाईच्या टेबलावर ज्याला कारागीर 'गम' म्हणतात तोच हा पदार्थ आणि तो समुद्रशेवाळापासून काढतात. ज्या मोज्यावर शेवाळाचे नाव मोठ्या अक्षरांत होते त्याने काही केले नाही, आणि ज्या पट्टीवर शेवाळाचे नावही नव्हते ती शेवाळाचीच असून आपले काम करीत होती. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती जमवू लागलो.

शेवाळात काय आहे?

आमच्या उर्दू शाळेत शेवाळाला 'काई' म्हणत आणि ती म्हणजे विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणारी वस्तू, एवढीच तिची ओळख होती. समुद्रातील शेवाळाचा कुटुंबकबिला मात्र फार मोठा आहे. हिरवे, तपकिरी आणि लाल असे त्याचे तीन मुख्य प्रकार मानतात. खऱ्या अर्थाने त्याला मुळे नसतात. खडकाला धरून ते पाण्यात उभे राहते.

आता विचार करा. समुद्राच्या पाण्यात अगणित जंतू असतात. पाण्यात ठेवलेल्या दगडावर, लाकडावर, बोटीच्या तळावर काही तासांतच जंतूंचा बुळबुळीत थर बसू लागतो. शेवाळाला पळून जाता येत नाही, त्याच्या अंगावर कवचही नसते. मग अल्लाहने त्याला रक्षणाचे दुसरे साधन दिले. ते आपल्या शरीरात अशी रसायने तयार करते की जी जंतूंना मारतात, वाढू देत नाहीत किंवा अंगावर बसू देत नाहीत. तपकिरी शेवाळात टॅनिनच्या जातीची द्रव्ये असतात. कातडे कमावणाऱ्या बंधूंना टॅनिन काय ते सांगायला नको. लाल शेवाळांपैकी अनेक जाती समुद्राच्या पाण्यातील ब्रोमीन घेऊन त्यापासून तीव्र द्रव्ये बनवतात. काही शेवाळांतील स्निग्ध आम्लेही जंतूंना अपाय करतात.

ऑस्ट्रेलियात 'डेलिसिया पल्क्रा' नावाचे एक लाल शेवाळ आहे. १९९० च्या दशकात न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याच्यातील फ्युरॅनोन नावाच्या द्रव्यांचा अभ्यास केला. जंतू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात आणि पुरेशी संख्या जमली की एकत्र थर बांधतात. ही द्रव्ये त्या निरोपातच बिघाड करतात. फौज जिवंत राहते, पण हुकूम पोहोचत नाही. कुदरतच्या कारखान्यात अशी हिकमत आहे, हे पाहून माणूस नतमस्तक होतो.

गोव्यातील काम आणि आपली माणसे

हे सारे परदेशातच चालते असे समजण्याचे कारण नाही. आपल्या शेजारी गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ ची. १९७४ ते १९८१ या काळात डॉ. सय्यद जहूर कासिम हे तिचे संचालक होते. अलाहाबादला जन्मलेले आणि अलीगढला शिकलेले हे गृहस्थ १९८१-८२ मध्ये अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे प्रमुख होते आणि पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले. आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

याच संस्थेने लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेबरोबर भारतीय किनाऱ्यावरील समुद्री वनस्पतींचे अर्क काढून त्यांच्या औषधी गुणांची छाननी केली. तिचा वृत्तांत १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्यांत डॉ. सय्यद वाजिह अहमद नक्वी होते, जे पुढे या संस्थेचे संचालक झाले. सोलिमाबी या संशोधिकाही त्यात होत्या. म्हणजे शेवाळातील औषधाचा शोध हा आपल्याच किनाऱ्यावर, चार दशकांपूर्वीपासून, आपल्याही माणसांच्या हातून चाललेला आहे.

त्यानंतर देशात आणि परदेशात असे शेकडो अर्क तपासले गेले. अनेक अर्कांनी बशीत वाढवलेल्या जंतूंना रोखले. परंतु एवढ्या वर्षांत समुद्रशेवाळापासून काढलेले आणि पेनिसिलिनप्रमाणे जंतूंच्या आजारावर डॉक्टर लिहून देतात असे औषध बाजारात आलेले नाही. दलालाच्या टॅगवर ही ओळ नसते.

बशीतील गुण आणि अंगावरील गुण

असे का झाले, हे समजून घेणे व्यापाऱ्याला अवघड नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात, मध्ये अर्काचा थेंब ठेवतात आणि भोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ किती रुंद आहे ते मोजतात. ती पहिली परीक्षा. गंमत अशी की त्या बशीतील थरही शेवाळाचाच असतो. त्याला आगर म्हणतात. पूर्वी जिलेटिन वापरत. ते उष्णतेने वितळे आणि काही जंतू ते खाऊन टाकत. १८८१ मध्ये फॅनी अँजेलिना हेसे या गृहिणीने आपल्या शास्त्रज्ञ पतीला आगर वापरण्याची सूचना केली. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला स्वयंपाकातला हा पदार्थ माहीत झाला होता. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने तो उचलला आणि आज जगभर जंतूंची परीक्षा त्याच थरावर होते. आपल्या घरी रमजानमध्ये दुधात जमवतात ते 'चायना ग्रास' म्हणजे हेच आगर.

आता याच गोष्टीत एक इशारा दडलेला आहे. शेवाळातून काढलेल्या आगरवर जंतू मजेत वाढतात. म्हणजे 'शेवाळाचे आहे म्हणून जंतुरोधक' हे म्हणणे मुळातच फोल आहे. कोणते शेवाळ, त्यातील कोणते द्रव्य, कोणत्या हंगामातले, कशात काढलेले आणि किती प्रमाणात, यावर सारे अवलंबून असते. एकाच जातीच्या शेवाळाचा गुण जागेप्रमाणे आणि मोसमाप्रमाणे बदलतो. कच्च्या अर्काला जो परिणाम साधण्यास मिलिग्रॅम लागतात, तो कसलेले प्रतिजैविक औषध बहुधा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजार पटींनी कमी मात्रेत साधते.

त्यातून तो अर्क कापडावर चढवायचा. येथे आमचा धंदा सुरू होतो, म्हणून ठामपणे सांगतो. वनस्पतीचा अर्क सुती धाग्याला आपोआप धरून राहत नाही. शेवटच्या पाण्यात घातलेले द्रव्य पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच बादलीत उतरते. ते टिकवायचे तर त्याला बांधणारे दुसरे द्रव्य हवे, योग्य उष्णतेत पक्के करणे हवे, किंवा सूक्ष्म कोशात भरून बसवणे हवे. कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानसारख्या पदार्थाने अर्क धाग्यावर बांधण्याचे प्रयोग झाले आहेत. हे होऊ शकते, पण ते डब्यातले पाणी ओतून होत नाही.

टॅगवरील शब्दांची किंमत

या बाबतीत मोठ्या कंपन्याही अडचणीत आल्या आहेत. कॅनडाच्या लुलुलेमन या प्रसिद्ध कंपनीने 'व्हिटासी' नावाचे समुद्रशेवाळयुक्त कपडे काढले होते. हे कापड त्वचेला लागले की समुद्रातील क्षार आणि जीवनसत्त्वे सोडते, सूज कमी करते आणि जंतूंना रोखते, असे टॅगवर होते. नोव्हेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने तो कपडा प्रयोगशाळेत तपासून घेतला. क्षारांच्या बाबतीत तो आणि साधा सुती टी-शर्ट यांत लक्षणीय फरक आढळला नाही. कापडात शेवाळ आहेच, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु कॅनडाच्या स्पर्धा नियामक खात्याने आरोग्याचे दावे सिद्ध झालेले नाहीत असे सांगितले आणि कंपनीला ते टॅग काढावे लागले. म्हणजे कापडात शेवाळ आहे की नाही हा एक प्रश्न आणि त्याने फायदा होतो की नाही हा वेगळा प्रश्न. व्यापारी पहिल्याचे उत्तर देतो आणि दुसऱ्याचे पैसे घेतो.

आपल्या शेजारी भिवंडीतही मार्च २०२० मध्ये 'करोनारोधक गादी' अशी जाहिरात देणाऱ्या एका विक्रेत्यावर पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या दुकानदाराची उभी हयात त्यात जाईल. अमेरिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घातलेले साबण 'जंतुनाशक' म्हणून विकण्यास बंदी घातली गेली. कारण एकच, ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे बनवणाऱ्यांनी सिद्ध केले नव्हते. दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यावा, हे साऱ्या जगाचे तत्त्व आहे.

आणि आपल्यासाठी तर त्याच्याही वर एक कायदा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग ओले धान्य गिऱ्हाइकाला दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले आणि फसवणारा आपल्यातला नाही हेही सांगण्यात आले. आमच्या मते न तपासलेला टॅग हा ढिगाच्या वरचा कोरडा थर आहे. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे. गजाने कपडा पुरा मोजून दिला आणि टॅगवर गुण वाढवून लिहिला, तर माप पुरे झाले का?

शेवाळाचा सचोटीचा व्यापार

याचा अर्थ शेवाळ सोडून द्यावे असा मुळीच नाही. उलट आमचे म्हणणे असे की आपले लोक शेवाळाच्या खोट्या धंद्याकडे वळतात आणि खऱ्या धंद्याकडे त्यांचे लक्षच नाही.

पहिला खरा धंदा आमच्याच कारागिरांच्या हातात रोज असतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने सुती कापड छापायचे तर रंग दाट करण्यास अल्जिनेटचा गम लागतो. स्टार्च वापरले तर रंग धाग्याऐवजी स्टार्चलाच पकडून बसतो, मग कपडा कडक होतो आणि रंगही फिका पडतो. अल्जिनेट रंगाशी फारशी सलगी करीत नाही आणि धुताच निघून जाते. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८१ च्या सुमारास तपकिरी शेवाळातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. आपल्या देशात तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील सरगॅसम आणि टर्बिनेरिया या शेवाळांपासून तो काढतात. मालवण, रत्नागिरीच्या खडकांवरही सरगॅसम उगवते.

दुसरा धंदा जखमेच्या पट्टीचा. अल्जिनेटचा धागा जखमेतील स्राव शोषून घेतो, त्याचा मऊ लगदा होतो आणि पट्टी काढताना कातडी सोलत नाही. लक्षात ठेवा, त्याचे मुख्य काम जखम ओलसर आणि स्वच्छ ठेवण्याचे आहे, जंतू मारण्याचे नव्हे. जंतूंसाठी काही पट्ट्यांत चांदी घालतात आणि तसे पाकिटावर लिहितात. प्रामाणिक लेबल म्हणजे काय, ते या पट्टीकडून शिकावे.

तिसरा धंदा खाण्याचा आणि औषधांच्या कोशांचा. जिलेटिन कोणत्या जनावराचे, ही शंका आपल्याला नेहमी पडते. आगर आणि लाल शेवाळातील कॅराजीनन यांनी ती शंका दूर होते. कॅराजीननपासून औषधांचे मऊ कोशही बनतात. हलाल मालाची मागणी ज्या देशांत आहे तेथे याला गिऱ्हाईक आहे.

सरकारनेही २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रशेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली होती. तामिळनाडूत मंडपमच्या बाजूला कोळी स्त्रिया बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ लावून संसार चालवतात. आपल्या कोकणी बांधवांनी त्यांच्याकडे जाऊन पाहण्यास काय हरकत आहे?

घोडबंदरच्या खाडीचे काय?

काही तरुण आम्हाला विचारतात की आपल्या दारात खाडी आहे, धक्क्याच्या दगडांवर हिरवे शेवाळ आहे, तेच का काढू नये? त्यांचा उत्साह चांगला आहे, पण उत्तर नाही असेच आहे. वसईची खाडी हे उल्हास नदीचे मुख. पाणी गढूळ, तळ चिखलाचा, खारेपणा मोसमाप्रमाणे बदलणारा. येथे खारफुटी उत्तम वाढते. अल्जिनेट देणाऱ्या शेवाळाला मात्र खडक आणि स्वच्छ खारे पाणी लागते.

दुसरे कारण सांगताना आम्हाला शरम वाटते. शेवाळ पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते आणि धरून ठेवते. उल्हास नदीच्या काठावर वरच्या अंगाला जे कारखाने झाले त्यांत रंगकाम आणि प्रोसेसिंगचे कारखाने होते. या नदीच्या प्रदूषणाचा दावा राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या पाण्यात आमच्याच धंद्याचे रंग उतरले, त्या पाण्यातील शेवाळ बाळाच्या झबल्याला औषध म्हणून लावायचे, हा व्यवहार कोणत्या तोंडाने करायचा? शेवाळाचा फायदा हवा असेल तर आधी पाणी साफ ठेवावे लागेल. प्रोसेस हाऊस निवडताना सांडपाण्याची व्यवस्था विचारणे हेदेखील व्यापाऱ्याचे काम आहे.

मग काय करावे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचवतो.

एक, कागदाशिवाय टॅग घेऊ नये. त्या कागदावर कोणत्या जंतूवर चाचणी झाली, किती टक्के जंतू घटले आणि किती धुण्यांनंतर घटले, या तिन्ही गोष्टी असाव्यात. कापडाच्या अशा चाचणीसाठी आयएसओ २०७४३ आणि एएटीसीसी १०० या ठरलेल्या पद्धती आहेत. त्यांत प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या कापडावर जंतू सोडून ठरावीक वेळाने मोजतात. धुण्याआधीचा आकडा सगळेच दाखवतात. धुतल्यानंतरचा मागावा.

दोन, चाचणी स्वतः करून घ्यावी. घाटकोपरला १९५४ पासून बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन आहे, वरळीला १९५० पासून सास्मिरा आहे. आपल्याकडे म्हणतात तसे घोडामैदान जवळच आहे. फी एकट्याला जड वाटत असेल तर एकच माल घेणाऱ्या दहा दुकानदारांनी ती वाटून घ्यावी. लग्नाच्या मांडवासाठी वर्गणी जमते, मग यासाठी का जमू नये?

तीन, जखम, खरूज, मधुमेहाचा पाय, बाळाच्या अंगावरचे पुरळ यांविषयी गिऱ्हाइकाने विचारले तर एकच उत्तर द्यावे, "हा कपडा आहे, औषध नव्हे. डॉक्टरकडे जा." त्या दिवशी एक विक्री गेली तरी चालेल.

चार, मुलांना रसायनशास्त्र आणि वस्त्रशास्त्र शिकू द्यावे. आमच्या पिढीने दुकान सांभाळले, पण डब्यात काय आहे ते वाचता आले नाही, म्हणून दलालाचे ऐकावे लागले. माटुंग्याला वस्त्ररसायन शिकवणारी नामांकित संस्था आहे. प्रत्येक मोठ्या पेढीने आपल्या मोहल्ल्यातील एका हुशार मुलाचा किंवा मुलीचा खर्च उचलला तर दहा वर्षांत आमची तपासणी आमच्याच घरात होईल. शेवाळाचा खरोखर टिकणारा लेप कदाचित तीच मुले शोधतील. तेव्हा आम्ही तो टॅग आनंदाने लावू.

काही जण म्हणतील की सगळा बाजार लिहितो, आपण न लिहून काय होणार? त्यांना एवढेच सांगतो की घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे मानतात. पोर्तुगीजांच्या काळात या बंदरात अरबी घोडे उतरत. त्या काळचे गिऱ्हाईक घोड्याचे तोंड उघडून दात पाही, त्याला चालवून पाही, मगच दाम मोजी. आजच्या गिऱ्हाइकाला मोज्याचे दात पाहता येत नाहीत. तो आमच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून आमची जबाबदारी त्या सौदागरांपेक्षा अधिक आहे.

ती मुलगी अजूनही आमच्याकडे कपडा घेण्यास येते. तिने कधी तक्रार केली नाही. आम्ही तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "चाचा, तुम्हाला कुठे माहीत होते?" तिने माफ केले. पण माहीत नसताना मान हलवली, हाच तर आमचा गुन्हा होता. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या जबानीला सच्चेपणा देवो, हीच दुआ.